पहिलीतलं मूल अजून तयार नाही, हे पालकांना कसं सांगायचं

आपल्या महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारं मूल पहिलीत बसू शकतं, म्हणजे जूनमध्ये एकाच बाकावर एक साडेपाच वर्षांचं आणि दुसरं साडेसहाचं. त्या वयात हे एक वर्ष प्रचंड असतं. त्यामुळे "तयार नाही" म्हणजे बहुतेक वेळा फक्त "लहान आहे", एवढं आधी स्वतःच्या डोक्यात पक्कं करा.

पहिले दोन-तीन आठवडे पालकांना काही बोलू नका, नुसतं बघा आणि वहीत तारखेसकट लिहा. डबा स्वतः उघडतं का, शू लागली तर सांगतं का, एका वेळी दोन कामं सांगितली तर दोन्ही करतं का. शाळापूर्व तयारी मेळाव्यातलं विकास पत्र, म्हणजे मुलाला काय काय जमतं ते नोंदवलेलं कार्ड, असेल तर तेही काढून ठेवा.

मग आई-बाबा दोघांना बोलवा, आजी मुलाला सांभाळत असेल तर तिलाही. शाळा सुटताना गेटवर, मुलाचा हात धरून उभ्या असलेल्या आईला हे सांगायचं नाही म्हणजे नाही.

आता खरी अडचण, पहिलं वाक्य. मला हे जमायला बराच काळ गेला. "तुमचा मुलगा मागे आहे" हे तोंडातून काढायचंच नाही, कारण ते ऐकलं की पुढचं एक अक्षर पालकांच्या कानात शिरत नाही, घरी गेल्यावर खापर आईच्या डोक्यावर फुटतं आणि रात्री त्या लेकराला पाटी देऊन रडेपर्यंत गिरवायला बसवतात. ट्रेनिंगमध्ये सांगतात की आधी दोन कौतुकाची वाक्यं बोला, मग अडचण, मग परत कौतुक. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. पालक भोळे नसतात, कौतुक सुरू झालं की ते पुढच्या वाईट बातमीची वाट बघत ताठ बसून राहतात.

त्यापेक्षा आधी विचारा, "घरी काय करतो, कशात रमतो?" आणि खरंच ऐका. मग वहीतलं एक वाचून दाखवा, मत न घालता. "मंगळवारी त्याने चार ठोकळे लावले, उठून खिडकीशी गेला, हाक मारल्यावर आला आणि उरलेले लावले." बस्स, गप्प राहा. नव्वद टक्के वेळा आईच म्हणते, "हो बाई, घरी पण जेवताना असंच करतो." इथून पुढे बोलणं सोपं होतं, कारण आता तुम्ही दोघं एकाच बाजूला असता.

"पण त्याला शंभरपर्यंत येतं!" हे येणारच. वाद घालू नका. घरी खेळता खेळता चिंचोके समोर ठेवून "मला सात दे" म्हणून बघा, एवढं सांगा. शंभरपर्यंत घडाघड म्हणणारं पोर मूठभर चिंचोके उचलून देतं, आणि ते बाबांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. ही परीक्षा तुमच्यासमोर, मुलाला उभं करून घेऊ नका, ते फार वाईट.

आणि निदान करू नका! हायपर, स्लो लर्नर, ऑटिझम हे शब्द आपले नाहीत, डॉक्टरांचे आहेत. शंका असेल तर "कान आणि डोळे एकदा तपासून घेऊया" म्हणा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, तेव्हा त्या मुलाचं नाव आवर्जून सांगा.

"मग परत बालवाडीत घालू का?" ॲडमिशन झालेली नसेल आणि मूल नोव्हेंबर-डिसेंबरचं असेल तर माझं स्पष्ट मत, एक वर्ष थांबा. नियमातलं वय हे किमान वय आहे, त्या वर्षी घातलंच पाहिजे असं नाही. पण वर्गात येऊन बसलेलं मूल उठवू नका, ते फार मनाला लावून घेतं. पहिलीचे सुरुवातीचे तीन महिने खेळातून तयारीसाठीच धरलेत, २०२१ पासूनचा 'विद्या प्रवेश' हा कार्यक्रम त्यासाठीच आहे, तो नीट घ्या. प्रवेशासाठी मुलाची चाचणी घ्यायला तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदीच आहे.

घरासाठी दोनच कामं द्या, रोज रात्री एक गोष्ट आणि बोटांना काम, म्हणजे मटार सोलणं, शर्टाची बटणं स्वतः लावणं. ट्यूशन नको.

दिवाळीच्या सुट्टीआधी परत बोलवा आणि तीच वही उघडून जूनची नोंद अन् आत्ताची नोंद शेजारी ठेवून दाखवा.