मांड्याची कणीक ओढू नका, उतरू द्या

खापरावरचे मांडे म्हटलं की नव्या सुनांना हात भाजायची भीती वाटते. खरी गोची कणकेत असते.

गहू आधी पाण्याचा हात लावून ओलवा, मग दळा, पीठ कपड्यातून चाळा. कोंडा राहिला की मांडा तिथेच फाटतो. अर्धा किलो पिठाला मीठ चिमूटभरच, जास्त झालं तर कणीक आवळते. पोळीसारखी भिजवून घ्या आणि पाण्याचा हात लावत परातीत आपटून तिंबा, वीस-पंचवीस मिनिटं तरी. मध्येच तिचा नुसता चिखल होतो, बोटं सोडत नाही. घाबरून कोरडं पीठ घालू नका. ती परात सोडेपर्यंत आपटत राहा.

आता पारख. लिंबाएवढा गोळा थोडा ताणून लगेच सोडला तर मागे आखडतो. तोच बोटांवर लटकवून ठेवला तर लोंबत खाली येतो आणि वर परत जात नाही. गव्हात दोन प्रथिनं असतात: ग्लुटेनिन मागे खेचतं, ग्लायडिन सरकू देतं. मांड्याला दोन्ही लागतात. पॉलिमर शिकणारी माझी मुलगी याला डेबोरा अंक सांगते, शास्त्रज्ञ मार्कस रायनर यांनी १९६४ साली मांडलेला: ताण सोडायला पदार्थाला लागणारा वेळ भागिले आपण दिलेला वेळ. अंक मोठा तर कणीक रबरासारखी, लहान तर काकवीसारखी.

म्हणून तेलाचा हात लावून दोन तास झाकून ठेवा. एकदा पाहुणे पाटावर बसले म्हणून मी वीस मिनिटांतच उंडे भरले. मांडा हातावर आखडला, मी हिसका दिला, आणि पुरण थेट चुलीपुढच्या राखेत!

पुरण कणकेइतकंच मऊ हवं, नाहीतर पारी पुढे जाते आणि पुरण मधेच बसून राहतं. भरलेला उंडा पोळपाटावर तळहाताएवढा थापा, मग हातांवर घ्या. बोटं आत वळवा, नखं लागू देऊ नका. या हातावरून त्या हातावर फिरवत राहा. तो स्वतःच्या वजनानेच कोपराकडे उतरतो. कडा पातळ झाल्या की खापरावर पसरा.

मे महिन्यात शेवटचे उंडे फारच सैल होतात. त्यांच्या मी तव्यावर साध्या पुरणपोळ्या करते.