हिगाशियामाला कॅमेरा घेऊन जाण्याआधी

आधी मुक्काम ठरवा, लेन्सचं नंतर बघू. क्योटोच्या पूर्वेला डोंगराच्या कुशीत हिगाशियामा आहे. तिथल्या सान्नेनझाका आणि निनेनझाका या दगडी पायऱ्यांच्या गल्ल्या दिवस वर आला की माणसांनी अशा भरतात की पायरीसुद्धा दिसत नाही. कियोमिझु-देरा हे मंदिर मात्र सकाळी ६ वाजता उघडतं. त्याआधी अंधारातच गल्लीत पोचायचं, तर बसच्या भरवशावर राहू नका. गिओन किंवा गोजोझाका या जवळच्या भागांत, चालत येता येईल अशी खोली घ्या. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, या सहलीत सगळ्यात मोलाचा खर्च तोच.

मग सूर्योदयाची वेळ वहीत लिहून ठेवा. एप्रिलच्या सुरुवातीला साधारण पावणेसहा, जूनमध्ये पावणेपाच, नोव्हेंबरच्या मध्यावर साडेसहाच्या सुमारास. पण पूर्वेला डोंगर आड येतो, त्यामुळे ऊन गल्लीत उतरायला आणखी वेळ लागतो, आणि तोवरचा निळसर, सावलीविरहित उजेड लाकडी घरांना फार शोभतो. त्या उजेडात यासाका पॅगोडापासून सुरुवात करा. पाच मजल्यांचा, ४६ मीटर उंच, आजची वास्तू १४४० सालची. चढाच्या वरच्या बाजूने, पश्चिमेकडे तोंड करून तो सगळ्यात सुंदर दिसतो. तिथूनच संध्याकाळी मागे मावळतीचं आकाश मिळतं, म्हणून या जागेसाठी संध्याकाळही राखून ठेवा.

पॅगोडाहून कियोमिझु-देरा चढणीने पाऊण किलोमीटरभर. इथे घाई करू नका, निदान तासभर हाताशी असू द्या. ज्याचा फोटो सगळे काढतात तो मुख्य सभामंडपाचा लाकडी मंच १६३३ सालचा, सुमारे १३ मीटर उंच, आणि खिळा न वापरता उभा केलेला. समोरच्या ओकुनोइन या मंडपावरून तो दिसतोच. सकाळी ऊन पाठीमागून येतं, संध्याकाळी डोळ्यांवर. पण माझं मन रमतं खालच्या वाटेवर, ओतोवा धबधब्याकडे उतरताना. तिथून मान वर केली की केयाकी झाडाच्या लाकडाचे प्रचंड खांब आणि त्यांना आरपार भेदून जाणारी आडवी लाकडं दिसतात. मंच कशावर उभा आहे हे त्याच जागी कळतं. तिथे रुंद लेन्स लागते आणि कॅमेरा सरळ धरावा लागतो, नाहीतर खांब आत झुकतात.

लेन्स दोनच पुरतात. २४-७० मिमी रोजच्या कामाला आणि ८५ च्या आसपासची एक, पायऱ्यांवरचे छपरांचे थर एकमेकांजवळ आणायला. ट्रायपॉड घरी ठेवा. कियोमिझु-देराच्या आवारात तो चालत नाही आणि अरुंद गल्लीत तो दुसऱ्याच्या पायात येतो. पहाटे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, बिनधास्त वाढवा, फोटो रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढा, आणि काळ्या पडलेल्या लाकडासमोर आकाश पांढरंफटक होऊ नये म्हणून एक्सपोजर थोडं कमी ठेवा. आकाश जितकं कमी तितकं बरं. ड्रोनचा विचारच नको. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आणि पिना दोन चपट्या, म्हणून अ‍ॅडॉप्टर सोबत घ्या. जादा बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेतच. पाऊस असेल तर लेन्सवर प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि बाहेर पडा, ओल्या फरसबंदीत कंदिलांचं प्रतिबिंब मिळतं.

बूट झटकन काढता-घालता येणारे आणि न घसरणारे हवेत, मोजे धड असावेत. १६०६ साली नेनेने आपला पती, जपानचा सत्ताधीश हिदेयोशी, याच्या स्मृत्यर्थ स्थापलेल्या कोदाइजी मंदिरात आत जाताना पादत्राणं काढावी लागतात. सान्नेनझाकावर पडलं की तीन वर्षांत मरण, अशी जुनी समजूत आहे. ती माना न माना, व्ह्यूफाइंडरला डोळा लावून त्या पायऱ्या उतरू नका. कचऱ्याचे डबे क्वचितच सापडतात, तेव्हा खिशात एक पिशवी ठेवा. सुटी नाणीही.

कुठे कॅमेरा खाली ठेवायचा, हेही आधीच ठरवून जा, आणि हे मी मनापासून सांगते. इशिबे-कोजी या गल्लीत फोटो न काढण्याची विनंती लिहिलेली आहे. गिओनमधल्या खासगी गल्ल्यांत २०१९ पासून फोटोंना बंदी असून १०,००० येन दंडाचे फलक लावले आहेत. तिथे माणसं राहतात, आणि कामावर निघालेल्या माइकोंच्या, म्हणजे शिकाऊ गेइशांच्या, वाटा अडवण्यापर्यंत, त्यांच्या किमोनोला हात लावण्यापर्यंत मजल गेली होती, म्हणून हे करावं लागलं. त्यांच्यामागे धावू नका. कुणाचा चेहरा हवाच असेल तर आधी विचारा: ‘शाशिन ओ तोत्ते मो ई देस का?’ म्हणजे ‘फोटो काढला तर चालेल का?’ हे जपानी वाक्य कागदावर लिहून पाठ करा. नकार आला तर मान लववून पुढे व्हा. शटरचा आवाज बंद ठेवा; पहाटे त्या जाळीदार खिडक्यांमागे लोक झोपलेले असतात.

परतीचा रस्ता तोच धरा, आठ-नऊच्या सुमारास. तेव्हा दुकानांवर नोरेन, म्हणजे दारावरचे कापडी पडदे, चढू लागतात, आणि कुणी दारासमोर पाणी शिंपडत असतं, आपल्याकडे अंगणात सडा घालतात तसं. त्यासाठी एक बॅटरी भरलेली शिल्लक असू द्या.