लिलावात जुनी कॉमिक्स घ्यायची, तर आधी एवढं करा

सगळ्यात आधी वही घ्या आणि नेमकं काय हवंय ते लिहा. 'इंद्रजाल' हे कॉमिक्स 1964 साली सुरू झालं, 1990 साली बंद पडलं आणि मधल्या काळात आठशेवर अंक निघाले. सगळंच गोळा करायला गेलात तर पैसा संपेल आणि संग्रह अर्धवट राहील. एकच नायक धरा, नुसता वेताळ (इंग्रजीतला फँटम) किंवा आबिद सुरतींचा बहादूर. माझं विचाराल तर मराठी अंक धरा. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांपासून धुळ्या-अमळनेरच्या वाड्यांपर्यंत पोरांनी ते हातोहात वाचले आणि मग ते रद्दीत गेले. ते आपण नाही सांभाळले तर कोण सांभाळणार? 'अमर चित्र कथा' घेणार असाल तर जास्त सावध राहा. तिची पुनर्मुद्रणं सतत निघत आली आहेत, त्यामुळे पानं पिवळी दिसली म्हणजे पहिली आवृत्ती हाती लागली असं होत नाही. छापील किंमत बघा, मागची पुस्तकांची यादी वाचा. यादीत नंतर निघालेली नावं असतील तर छपाईही नंतरचीच.

मग भिंग आणा. जळगावच्या सराफाकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग पुरतं. लिलावाआधी माल बघायला ठेवतात, त्या दिवशी ते खिशात असू द्या. जुन्या ऑफसेट छपाईत रंगाचे ठिपके शिस्तीत ओळीनं बसलेले दिसतात; घरच्या प्रिंटरवर काढलेल्या नकली मुखपृष्ठावर ती शिस्त नसते. मुखपृष्ठ उलटून आतल्या बाजूनं कडा बघा, उडालेला रंग कुणी स्केचपेननं भरला असेल तर शाई आत उतरलेली दिसते. मधलं पान उघडा. पिनांभोवती गंजाचा डाग चालेल, पण पिन नवी आणि भोकं दोन-दोन असतील तर अंक खोलून पुन्हा जोडलाय, आतली पानं मोजा. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या लायब्ऱ्या दहा-बारा अंक एकत्र शिवून कडा मशिनवर कापून घेत. असा अंक वाचायला उत्तम, पण त्याला पूर्ण अंकाचा भाव देऊ नका. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन दिसलं तरी भाव खाली आणा. ऑनलाइन लिलाव असेल तर मुखपृष्ठ, मलपृष्ठ, पाठ आणि मधलं पान यांचे वेगळे फोटो मागा. नाही दिले तर तो लॉट, म्हणजे बोलीला लावलेला तो माल, सोडा.

पैशाचा हिशेब मात्र आदल्या रात्रीच करा. बाजार समितीत अडत लागते, तसा इथे बोलीवर खरेदीदाराचा प्रीमियम, म्हणजे लिलाव करणाऱ्याचं कमिशन, लागतो, आणि प्रीमियमवर जीएसटी. दर लिलावाच्या अटींत असतात, ते वाचा. समजा प्रीमियम 20 टक्के आणि त्यावर कर 18 टक्के असेल, आणि घरात ठरलेत 10,000 रुपये. 7,500च्या बोलीचे 9,270 होतात, उरलेल्यात कुरियर बसतं. 8,000ला गेलात की 9,888 तिथेच झाले. आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवा. तापलेल्या बोलीत हात आवरत नसेल तर कमाल बोली आधीच लेखी देऊन ठेवा, बहुतेक ठिकाणी तशी सोय असते. नोंदणी आणि ओळखपत्रं दोन दिवस आधी उरकून घ्या. वीज गेली तरी फोन चालला पाहिजे.

घरी जागाही आधीच करून ठेवा. आपल्याकडे खानदेशात मे महिन्यात पारा 45च्या आसपास जातो, आणि स्वस्त कागद उष्णतेनं तांबूस पडून कडेनं तुटायला लागतो. पत्र्याखाली किंवा माळ्यावर काही ठेवू नका. कूलरसमोरचं कपाटही नको, ओल धरली की पिना गंजतात आणि कसर लागते. आतल्या खोलीतल्या कपाटाचा खालचा कप्पा बरा. पॉलिएस्टरचं पाकीट, त्यात आम्लमुक्त पुठ्ठा, आणि अंक उभा. पीव्हीसीच्या चकचकीत पिशव्या कागदाला चिकटतात, त्या आणूच नका.

पार्सल आलं की फोडताना व्हिडिओ करा, लॉटच्या फोटोशी अंक ताडून बघा आणि बिल त्याच दिवशी वहीत चिकटवा.