कोकणात निसर्गसंग्रहालयाचा क्युरेटर व्हायचंय? आधी एक पावसाळा निभावा

सरकारी जाहिरातीत या पदाला 'अभिरक्षक' म्हणतात, आणि शब्द नेमका आहे. काचेमागची मांडणी हे या कामातलं सगळ्यात शेवटचं काम. त्याआधी नमुना टिकवायचा असतो, आणि तो कुठून आला हे पन्नास वर्षांनी येणाऱ्यालाही कळेल असं लिहून ठेवायचं असतं.

शिक्षणाचा रस्ता सरळ आहे. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूशास्त्र किंवा मत्स्यविज्ञान यांपैकी एकात पदव्युत्तर पदवी, आणि जोडीला संग्रहालयशास्त्र. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हा विभाग १९५२ पासून आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पदविका अभ्यासक्रम चालवतं. मुंबईच्या बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) किंवा पुण्यातल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे संग्रह पाहायला रीतसर पत्र लिहा. पण पदवीची वाट पाहत बसू नका. दहा नमुने घ्या आणि जून ते ऑक्टोबर न बिघडता राखून दाखवा. एवढ्यात अर्धं काम शिकून होतं.

पहिला नमुना मासा असू द्या. हर्णै किंवा मिरकरवाडा बंदरात लिलाव झाल्यावर जी बारीक मासळी कुणी घेत नाही, तिच्यातच बघण्यासारखं जास्त असतं. रंग तासाभरात उतरतात, म्हणून आधी फोटो: तोंड डावीकडे, शेजारी मोजपट्टी, पर टाचण्यांनी पसरलेले. परांवर कुंचल्याने थोडं तीव्र फॉर्मेलिन (नमुना टिकवणारं फॉर्मल्डिहाइडचं द्रावण) लावलं की ते तसेच ताठ राहतात. मग उजव्या बाजूने तांदळाच्या दाण्याएवढा मांसाचा तुकडा काढून ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. हे मासा फॉर्मेलिनमध्ये बुडवण्याआधीच करायचं, कारण नंतर डीएनए नीट मिळत नाही. काप, टोचणी, जे काही असेल ते उजव्याच बाजूला. डावी बाजू शाबूत ठेवायची असा सगळीकडचा रिवाज आहे.

बाजारातलं फॉर्मेलिन एक भाग, पाणी नऊ भाग. लिटरमागे चमचाभर टाकणखार घाला, नाहीतर द्रावण आम्लधर्मी होऊन हाडं मऊ पडतात. पोटाला चीर द्या, माशाच्या आकारमानाच्या दहापट द्रावणात बुडवा. वीतभर माशाला आठवडा पुरतो. चीर द्यायला विसरलात तर बाहेरून छान दिसणारा मासा आतून सडतो, आणि ते महिन्याभराने झाकण उघडल्यावर कळतं. मग दोन दिवस पाणी बदलत धुवा आणि ३०, ५०, ७० टक्के अशा चढत्या अल्कोहोलमध्ये एकेक दिवस ठेवत न्या. शेवटच्यातच कायमचा मुक्काम. ७० टक्क्यांसाठी ९५ टक्क्यांचं ७० मिलि घेऊन एकूण ९५ मिलि होईपर्यंत ऊर्ध्वपातित पाणी घाला. फॉर्मेलिन कर्करोगकारक आहे: हातमोजे, चष्मा, उघड्या खिडक्या. अल्कोहोलसाठी संस्थेला उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो.

चिठ्ठी बरणीच्या आत, सुती कागदावर, पेन्सिलीने. बॉलपेन अल्कोहोलमध्ये विरघळतं, आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी दमटपणाने सुटून पडते. एक नमुनेदार चिठ्ठी अशी: क्रमांक १७, हर्णै बंदर, १२.XI.२०२४ (महिना रोमन आकड्यात, म्हणजे दिवस-महिन्याचा घोळ होत नाही), डोल, खोली ८ वाव, गोळा करणाऱ्याचं नाव. जाळं रापण, पाग की डोल हे लिहाच, त्यावरून मासा कुठल्या पाण्यातला ते कळतं. स्थानिक नावही लिहा, पण गावासकट. ज्या शिंपल्यांना एका गावात तिसऱ्या म्हणतात त्यांनाच दुसरीकडे शिवल्या म्हणतात.

शंख-शिंपले सोपे वाटतात आणि तिथेच लोक फसतात. आंब्याच्या पेटीत किंवा प्लायवूडच्या कपाटात ठेवलेल्या शंखांवर वर्षा-दोन वर्षांत पांढरी पूड येते. बुरशी समजून ती पुसली जाते, पुन्हा येते, आणि शंख झिजत जातो. ही बुरशी नव्हेच. लाकूड आणि पुठ्ठा यांतून निघणाऱ्या आम्लांच्या वाफा दमट हवेत शंखाच्या चुन्यावर बसतात आणि त्यातून क्षार तयार होतात. भिंगाखाली बुरशीला तंतू दिसतात, इथे कण. ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, पॉलिथिनच्या पिशव्यांत घालून लोखंडी कपाटात हलवा. शंख फॉर्मेलिनमध्ये तर कधीच ठेवू नयेत.

काय उचलायचं नाही हेही शिकण्यात येतं. प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या आणि काही मोठे शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. मेलेला सापडला म्हणून कायदा सुटत नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तिथून परवानगीशिवाय साधी शिंपलीही नको. देवमासा वाहून आला तर आधी वन विभाग, पंचनामा, लेखी परवानगी. सांगाडा हवा असेल तर भरतीरेषेच्या वर वाळूत पुरा, पण दोन्ही वल्ही (देवमाशाचे पुढचे पर) जुन्या जाळ्यात वेगवेगळी बांधून आणि खूण अडकवून. नाहीतर बोटांची हाडं वाळूत मिसळतात आणि डावं-उजवं कधीच लागत नाही. उकरल्यावरही हाडांतून वर्षानुवर्षं तेल झिरपतं, तेव्हा लगेच काचेत घालायची घाई नको.

आता पावसाळा. कोरड्या नमुन्यांना ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. ६५च्या वर बुरशी धरते, आणि जुलैत कोकणातली हवा ९०च्या घरात असते. कपाटं 'हवा लागू दे' म्हणून उघडू नका. घट्ट झाकणाचे डबे, आत सिलिका जेल; रंग बदलला की १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. एसी कचेरीच्या वेळेपुरता लावण्यापेक्षा न लावलेला बरा: संध्याकाळी बंद केला की दमट हवा थंड काचेवर आणि नमुन्यांवर पाणी धरते. कीड दिसली तर नमुना पिशवीत बंद करून उणे २० अंशांवर दोन आठवडे, आणि बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही. जुन्या पक्ष्यांच्या कातड्यांत आर्सेनिक असतं, त्यांना उघड्या हाताने शिवू नका.

दसऱ्याच्या सुमारास दहाही नमुने बाहेर काढा. बरण्यांतली पातळी आधीच्या खुणेशी ताडून बघा. उतरली असेल तर अल्कोहोलमापकाने तीव्रता मोजा, कारण पाण्याआधी अल्कोहोल उडतो आणि नुसतं ७० टक्के ओतत राहिलं तर बरणी पातळच होत जाते. जे बिघडलं ते कुठल्या फळीवर, भिंतीपासून किती अंतरावर होतं, हे रजिस्टरात त्याच दिवशी लिहा.