कारखान्यासाठी हायब्रिड क्लाउड स्टोरेज घेताय? या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमधलं ईआरपी, म्हणजे बिलं आणि कामाच्या नोंदी सांभाळणारं सॉफ्टवेअर, एरवी सुसाट चालायचं आणि महिनाअखेरीला गुदमरायचं. सर्व्हर बदलला, रॅम वाढवली, फरक शून्य. चूक स्टोरेजच्या निवडीत होती आणि ती माझी होती. हायब्रिड म्हणजे डेटा थोडा कारखान्यात, थोडा क्लाउडमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दूरच्या सर्व्हरवर. या दोन्हींना जोडणारा गेटवे मी 'कॅश्ड' पद्धतीनं लावला होता. त्यात मूळ डेटा क्लाउडमध्ये राहतो, जागेवर फक्त नेहमी लागणारा भाग. डेमोत सगळं या जागेवरच्या भागातून, म्हणजे कॅशमधूनच येत होतं. महिनाअखेरीला जुनी बिलं उघडली, की प्रत्येक वाचन मुंबईतल्या क्लाउड सर्व्हरपर्यंत जाऊन यायचं.

हे अंतर कुठलीच कंपनी कमी करू शकत नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. कोल्हापूर-मुंबई साधारण ३७५ किलोमीटर धरलं, तरी जाऊन-येऊन पावणेचार मिलिसेकंद. राउटर, व्हीपीएन (इंटरनेटवरची सुरक्षित जोडणी) आणि खुद्द क्लाउडचा वेळ त्यावर वेगळा. जागेवरची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, हेच काम ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास करते. एकामागून एक १०,००० वाचनं करणारा रिपोर्ट इथं सेकंदभरात होतो, तिकडून आणताना निव्वळ प्रवासातच साडेसदतीस सेकंद जातात.

म्हणून ज्या डेटासाठी मशीन किंवा माणूस थांबतो, तो पूर्णच्या पूर्ण कारखान्यात ठेवा. गेटवेमध्ये 'स्टोअर्ड' पद्धत निवडा, म्हणजे मूळ डेटा जागेवरच राहील; क्लाउडला प्रत मागाहून जाऊ दे. डिस्कचा खर्च वाढतो, पण मला तो रास्त वाटतो. प्रत मागाहून जाते म्हणजे कारखान्यातली डिस्क गेली, तर शेवटच्या काही मिनिटांचा डेटा हातचा जाऊ शकतो, हे मालकांना आधीच सांगा.

आधीच लावलेलं स्टोरेज अडखळत असेल, तर सरासरी वेळ पाहू नका, ती फसवते. सर्वात संथ १ टक्का वाचनं आणि कॅश मिसचं, म्हणजे कॅशमध्ये न सापडल्यानं क्लाउडमधून आणाव्या लागलेल्या वाचनांचं, प्रमाण पाहा. दिवसा अडखळत असेल, तर बॅकअपचं अपलोड लाइन खातंय का ते तपासा आणि शिफ्टच्या वेळेत त्याला मर्यादा घाला.

स्वस्त म्हणून एकुलती एक प्रत आर्काइव्हमध्ये, म्हणजे क्वचित लागणाऱ्या डेटासाठीच्या क्लाउडच्या संथ विभागात टाकणं ही आणखी एक घोडचूक. तिथून फाइल बाहेर यायलाच कित्येक तास लागू शकतात. त्यानंतर १०० एमबीपीएसच्या लाइनवर १ टीबी उतरवायला किमान २२ तास, शिवाय बाहेर काढण्याचं बिल वेगळं. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं होतं. तशा दिवसांत पुण्याहून नवी डिस्कही येत नाही.

खरेदीची सही करण्याआधी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी इंटरनेटची वायर काढा आणि एक जुनं जॉब कार्ड उघडून पाहा.