आई-नाना, लेकरं आणि बोस्टनची लाल रेघ: तीन पिढ्यांनी पायी फिरायचं कसं

मराठवाड्यातल्या बऱ्याच घरातलं एखादं तरी लेकरू आता अमेरिकेत आहे आणि इकडं ऊन तापायला लागलं की आई-वडील तिकडं निघतात. गेल्यावर होतं काय, पहिले काही दिवस झोपेचा खेळखंडोबा, मग दोन-चार मॉल, एक नायगारा, आणि उरलेले सगळे दिवस सोफ्यावर बसून युट्यूबला मराठी बातम्या. तुमचं लेकरू बोस्टनच्या आसपास राहत असेल तर असं होऊ देऊ नका. तिथं फ्रीडम ट्रेल म्हणून एक फार सोयीची गोष्ट आहे. रस्त्यावर, फूटपाथवर एक लाल रेघ आखलेली आहे, बऱ्याच ठिकाणी विटांची आणि कुठं कुठं नुसत्या रंगाची, तिच्या मागं मागं चालत गेलं की गावातली १६ जुनी ठिकाणं ओळीनं लागतात, एकूण अंतर ४ किलोमीटर. नकाशा नको, पत्ता विचारायची धास्ती नको. एका पत्रकारानं १९५१ साली ही कल्पना मांडली आणि गावानं ती उचलून धरली. रेघेवर चालायला पैसे लागत नाहीत, काही वास्तूंच्या आत जायचं असेल तरच तिकीट.

पण सत्तरीचे नाना, गुडघे धरलेली आई आणि दर दहा मिनिटाला आईस्क्रीम मागणारी नातवंडं यांची मोट बांधून चालवायची म्हणजे तयारी पाहिजे, आणि ती इथूनच सुरू करायची. जायच्या आधी रोज सकाळी चालायची सवय लावा हे तर कुणीही सांगेल. मी म्हणते त्यातल्या एक-दोन सकाळी आपल्या संभाजीनगरच्या जुन्या भागात घालवा, भडकल दरवाजापासून पाणचक्कीकडं चालत जा, दुसऱ्या दिवशी मकबरा. याचा उपयोग तिकडं होतो. कारण बोस्टनला गेल्यावर आपल्या मोठ्या माणसांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. आम्ही बोस्टनला माझ्या दादाकडं गेलो तेव्हा आमचे नाना म्हणालेच, "वेरूळचं लेणं बाराशे वर्षाचं, अन् हे तीनशे वर्षाचं बघायला एवढ्या लांब आलाव का आपण?" तेव्हा वेरूळ मधे आणूच नका, बोस्टनची जोडी संभाजीनगरशीच लावा. मलिक अंबरनं खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवली १६१० ला, बोस्टन वसलं १६३० ला, म्हणजे दोन्ही गावं जवळजवळ एका वयाची. आपला मकबरा बांधून झाला १६६० च्या सुमारास, त्याच सुमारास बोस्टनचं ते ग्रॅनरी कब्रस्तान सुरू झालं. पाणचक्की १७४४ ची आणि तिथला फॅन्युल हॉल, म्हणजे जुनं सभागृह नि बाजार, १७४२ चा. एवढे आकडे नानांच्या डोक्यात असले की ते स्वतःच नातवाला सांगत चालतात, "हे बांधत होते ना, तेव्हा आपल्याकडं हे चालू होतं." मग त्यांना कंटाळा येत नाही, आणि नातवालाही कळतं की आजोबांच्या गावाला पण इतिहास आहे.

आता मुख्य गोष्ट. १६ च्या १६ ठिकाणं एका दिवसात करायचा हट्ट धरू नका. तरुण पोरं करतात, तीन-चार तासात उरकतात, पण आपल्याला उरकायचं नाहीये. दोन दिवस करा. पहिली ११ ठिकाणं साधारण दीड किलोमीटरच्या आत गर्दी करून आहेत, तो एक दिवस. उरलेली पाच पांगलेली आहेत, मधे नदीवरचा पूल आहे, शेवटी चढ आहे, तो दुसरा दिवस, आणि मधे एक दिवस घरी आराम.

गाडी न्यायचीच नाही. डाउनटाउनच्या पार्किंगचे भाव ऐकले की नाना दिवसभर डॉलरचे रुपये करत बसतात. तिथली लोकल ट्रेन आहे, तिला नुसतं "टी" म्हणतात, पार्क स्ट्रीट स्टेशनला उतरायचं, वर आलं की समोर बोस्टन कॉमन बाग आणि लाल रेघ. ११ वर्षांपर्यंतच्या लेकरांना मोठ्या माणसासोबत तिकीट नाही. आणि ज्या स्टेशनावर उतराल ते पण बघण्यासारखंच, अमेरिकेतली पहिली भुयारी रेल्वे इथंच १८९७ ला सुरू झाली.

कपड्यांचं म्हणाल तर आईनं साडीवर स्पोर्ट शूज घालायचे, लाजायचं नाही, तिकडं कुणी बघत नाही. विटांचे फूटपाथ वरखाली झालेले असतात, चप्पल अडकते. मे महिन्यात सुद्धा समुद्रावरून गार वारं येतं, नानांची कानटोपी पिशवीत असू द्या. खायला घरूनच न्या. वहिनीनं सकाळी धपाटे केले होते, सोबत शेंगदाण्याची चटणी, बागेतल्या बाकावर बसून खाल्ले, कुणी काही म्हणत नाही, फक्त कागद-पिशव्या डब्यात टाका. बाथरूमचा विषय मोठ्या माणसांसोबत पहिला लक्षात ठेवायचा: कॉमनमधल्या व्हिजिटर सेंटरला एकदा जाऊन घ्या, पुढं फॅन्युल हॉलच्या मागच्या क्विन्सी मार्केटमध्ये सोय आहे. मधल्या टप्प्यात शोधाशोध होते.

बोस्टन कॉमन म्हणजे १६३४ पासूनची सार्वजनिक जागा, आता बाग आहे पण मूळची गावाचं गायरान, सुमारे ५० एकर, १८३० पर्यंत इथं गायी चरायच्या. हे सांगितलं की नाना एकदम जागे. "मग अतिक्रमण कामून झालं नाही?" असं त्यांनी विचारलं आणि दादाकडं उत्तर नव्हतं. उन्हाळ्यात लेकरांसाठी फ्रॉग पाँड म्हणून उथळ पाण्याचं तळं असतं, तिथं लेकरं एकदा शिरली की तास गेला म्हणून समजा, तेव्हा ते परतीला ठेवा, लाच म्हणून कामी येतं.

लेकरांना १६ ठिकाणांच्या १६ गोष्टी सांगायच्या भानगडीत पडू नका, काही लक्षात राहत नाही. एकच माणूस धरा, पॉल रिव्हिअर. हा चांदीकाम करणारा कारागीर, म्हणजे आपल्या भाषेत सोनारच, आणि गंमत अशी की हा माणूस रेघेवर सारखा भेटत राहतो. स्टेट हाऊसचा, म्हणजे तिथल्या विधानभवनाचा, सोनेरी घुमट दिसतो ना, त्यावर १८०२ ला तांब्याचे पत्रे याच्या कारखान्यातून आले, सोनं नंतर चढलं. किंग्ज चॅपल चर्चची घंटा याच्या कारखान्यात ओतलेली. ग्रॅनरी कब्रस्तानात याची कबर. दुसऱ्या दिवशी याचं घर, आणि शेवटी जहाजात पण याचं तांबं. लेकरांना सांगायचं, "आज सोनारकाका कुठं कुठं सापडतो ते मोजायचं." भाच्यानं पार वहीत टिकमार्क केले. ज्यांना अजून काही पाहिजे त्यांनी नॅशनल पार्कच्या व्हिजिटर सेंटरवर ज्युनिअर रेंजरची पुस्तिका मागा, लेकरांनी ती भरून दाखवली की बिल्ला मिळतो.

ग्रॅनरी कब्रस्तानाला वेळ द्या. कब्रस्तान म्हणल्यावर आई गेटजवळ थबकते, "सकाळी सकाळी कुठं नेता रे", पण आत झाडं आहेत, सावली आहे, शांत आहे. जुन्या दगडांवर पंख असलेली कवटी कोरलेली असते, लेकरं ती शोधत पळतात. मधोमध फ्रँकलिन नावाचा मोठा खांब आहे, तो बेंजामिन फ्रँकलिनच्या आई-वडिलांचा, तो स्वतः फिलाडेल्फियाला आहे, हे सांगून ठेवा नाहीतर सगळे फोटो काढून त्याचीच कबर म्हणून फॅमिली ग्रुपवर टाकतात. इथंच इंग्रज शिपायांच्या १७७० च्या गोळीबारात मेलेल्या पाच जणांची कबर आहे.

पुढं शाळेची जागा, फ्रँकलिनचा पुतळा, जुनं पुस्तकाचं दुकान, हे चालता चालता बघितलं तरी चालतं. त्या पुस्तकाच्या दुकानाच्या जागी सध्या मेक्सिकन जेवणाची चेन आहे, धपाटे संपले असतील तर तिथं भात आणि काळ्या घेवड्याची उसळ वाडग्यात मिळते, "नो मीट" एवढं म्हणलं की झालं.

त्याच चौकात एक गोष्ट आहे जी १६ च्या यादीत नाही, पण आपल्याकडच्या माणसांनी तिथं थांबावंच. आयर्लंडच्या दुष्काळाचं स्मारक. १८४५ पासून तिथं बटाट्यावर रोग पडला, माणसं उपाशी मेली, लाखो लोक देश सोडून निघाले, बरेच बोस्टनला उतरले. पुतळ्यांचे दोन गट आहेत, एक कुटुंब उपाशी, हाडं वर आलेली, बाई आकाशाकडं हात करून, आणि दुसरं कुटुंब नव्या देशात सावरलेलं, पुढं चाललेलं. आम्ही नुसतं पुढं जाणार होतो, आईच उभी राहिली. मग तिनं भाच्याला ७२ चा दुष्काळ सांगितला, खडी फोडायला जाणाऱ्या बाया, सुकडी, आणि ती लाल मिलो ज्वारी, जिच्या भाकरी घशाखाली उतरत नव्हत्या. "ती ज्वारी तुझ्या अमेरिकेतूनच आली होती बरं," असं म्हणली. भाचा इंग्रजीत काहीतरी पुटपुटला आणि मग विचारला, "आज्जी, टेस्ट कशी होती?" तुमच्या घरात कुणी ७२ बघितलेलं असेल तर त्यांना बोलू द्या, घड्याळ बघू नका.

समोरच ओल्ड साऊथ मीटिंग हाऊस. १६ डिसेंबर १७७३ ला इथं पाचेक हजार लोक जमले आणि इंग्रजांच्या चहावरच्या करावर चिडून त्यातल्या काहींनी इथून उठून बंदरावर जाऊन चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात टाकल्या. चहा कुणाचा? ईस्ट इंडिया कंपनीचा. आमच्या नानांचं आजोळ भोकरदनकडं, त्यांना हे कळल्यावर काय विचारता! याच कंपनीच्या फौजेशी १८०३ ला भोकरदनजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांची लढाई झाली, आपण हरलो. "यांनी चहा बुडवला म्हणून सुटले, आपण पीत बसलो," हा नानांचा निष्कर्ष, इतिहासाच्या प्राध्यापकाला विचारू नका. चहा बुडवला त्या जहाजांचं म्युझियम मात्र लाल रेघेवर नाही, ते वेगळं आहे आणि तिकीट आहे, लेकरांना नाटक आवडतं म्हणून वेगळ्या दिवशी जा.

ओल्ड स्टेट हाऊसच्या समोर जमिनीत दगडाचं एक वर्तुळ आहे, ५ मार्च १७७० ला इंग्रज शिपायांनी जिथं गोळ्या घातल्या त्याची खूण. पहिला पडला तो क्रिस्पस अटक्स, आफ्रिकन आणि तिथल्या मूळ रहिवासी वंशाचा खलाशी. खडकी वसवणारा मलिक अंबर पण इथिओपियातून गुलाम म्हणून विकत आलेला, त्यानंच बांधलेला भडकल दरवाजा बघून आलेल्या लेकरांना हा धागा लगेच सापडतो. आपल्या सोनारकाकानं या गोळीबाराचं चित्र छापून गावभर वाटलं, त्यात शिपाई एका ओळीत उभे राहून हुकमानं गोळ्या घालताना दाखवलेत, प्रत्यक्षात गोंधळ होता. त्या काळचं व्हॉट्सॲप फॉरवर्डच. आणि त्या शिपायांचं वकीलपत्र घेतलं जॉन ॲडम्सनं, जो नंतर देशाचा दुसरा अध्यक्ष झाला. फॅन्युल हॉलच्या शेंड्यावर सोनेरी नाकतोडा आहे तो शोधायला लावा आणि पहिला दिवस तिथंच संपवा.

दुसऱ्या दिवशी हेमार्केट स्टेशनला उतरा. शुक्रवार-शनिवार असेल तर तिथं रस्त्यावर भाजीबाजार भरतो, आई तिथंच अडकणार, वांगी हातात घेऊन दाबून बघणार, तेव्हा खरेदी नको असेल तर दुसरा वार धरा. पुढं नॉर्थ एंड, इटालियन लोकांची जुनी वस्ती, गल्ल्या अरुंद. रिव्हिअरचं लाकडी घर १६८० च्या सुमाराचं, त्यानं १७७० ला घेतलं, दोन लग्नांतून त्याला १६ लेकरं, हे ऐकून आई "माय माय माय" करत बसली. मग ओल्ड नॉर्थ चर्च, १७२३ चं. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री इथल्या मनोऱ्यात दोन कंदील दाखवले, म्हणजे इंग्रज फौज पाण्यातून नदी ओलांडून येतेय, आणि रिव्हिअर घोड्यावरून गावागावाला सांगत सुटला. आत बसायला लाकडी खोक्यांसारखे कप्पे आहेत, एकेका घराण्याचे, लेकरांना दार लावून बसायला मजा येते. या भागात इटालियन मिठाईची दुकानं आहेत, अंडं-चरबी चालत नसेल तर विचारून घ्या, नाहीतर साधा चीज पिझ्झा.

पुलावरून चार्ल्सटाउनला जाताना वारं फार, पदर खोचून घ्यायला सांगा. तिथं यूएसएस कॉन्स्टिट्युशन, १७९७ चं लाकडी लढाऊ जहाज, अजूनही नौदलाच्या ताब्यात. बघायला फुकट, पण तपासणी होते आणि मोठ्यांना फोटो ओळखपत्र लागतं, आई-नानांचे पासपोर्ट सोबत ठेवा. कुठले दिवस उघडं आहे ते आदल्या रात्री बघून घ्या. खालच्या मजल्यावर जायच्या शिड्या उभ्या आहेत, गुडघेवाल्यांनी वरच्या डेकवरच थांबावं.

बंकर हिलचा मनोरा ६७ मीटर उंच, २९४ पायऱ्या, लिफ्ट नाही. इथं भाग पाडून घ्या, दादा आणि लेकरं वर, आई-नाना खाली हिरवळीवर. १७ जून १७७५ च्या लढाईत इंग्रज जिंकले पण त्यांचीच हजारावर माणसं मेली-जखमी झाली, एवढी गोष्ट खाली बसून सांगता येते.

परत येताना तोच पूल चालायची गरज नाही. जहाजाजवळून फेरी सुटते, दहाएक मिनिटात डाउनटाउनच्या लाँग वार्फ धक्क्याला सोडते, वेळापत्रक आधी मोबाईलवर बघून ठेवा. उतरलं की जवळच अक्वेरियम नावाचं टीच्या ब्लू लाईनचं स्टेशन.