रात्रीचा प्राणी सापडत नाही? गेमच्या घड्याळाच्या या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात भाचा सुट्टीत आमच्याकडे नागपुरात प्रतापनगरला राहायला आला होता. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, कूलर घरघरत होता, आणि तो पोकेमॉन, म्हणजे गवतात फिरून प्राणी पकडायचा गेम, खेळत माझा जुना गेमबॉय कलर ट्यूबलाइटखाली तिरपा धरून बसला होता, कारण त्या स्क्रीनला स्वतःचा उजेड नाही.

"मामा, तीन दिवस झाले ना, एक बी हूटहूट नाही भेटला. हा गेम खराब आहे."

हूटहूट म्हणजे त्या गेममधलं घुबड. मी वाकून पाहिलं. खिडकीबाहेर काळोख होता आणि गेममध्ये त्याच्या रूट २९ या वाटेवर लख्ख सकाळ.

"अबे, आधी पोकेगिअर उघड."

पोकेगिअर म्हणजे गेममधलं घड्याळ दाखवणारं यंत्र. त्यात सकाळचे ९:३४ झाले होते. नवा खेळ सुरू करताना गेमने वेळ विचारली, याने ९ बघितले आणि बटण दाबलं. ते नऊ सकाळचे आहेत, रात्रीचे नाहीत, हे शेजारच्या अक्षरांत लिहिलेलं असतं. ती अक्षरं कोणी वाचत नाही. तीन संध्याकाळी तो गवतात फिरला तेव्हा गेमच्या हिशेबाने सकाळ चालू होती, आणि तिथे हूटहूट रात्रीच निघतो. गेम अगदी बरोबर चालला होता.

अशी तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी आधी एकच प्रश्न विचारतो: तुझा गेम कोणाचं घड्याळ बघतो? प्राणी किती दुर्मीळ, नशीब कसं, हे सगळं त्यानंतर. उत्तरं चारच आहेत. कॅसेटमधलं घड्याळ, मशीनचं घड्याळ, कंपनीच्या सर्व्हरचं घड्याळ, किंवा गेमचं स्वतःचं खोटं घड्याळ. ज्या घड्याळाकडे गेम बघतच नाही, ते दुरुस्त करण्यात लोक अख्खे रविवार घालवतात.

पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हर १९९९ साली जपानमध्ये आले. त्यांच्या कॅसेटमध्येच घड्याळ आहे आणि ते एका छोट्या गोल सेलवर चालतं. २००६ च्या डायमंड आणि पर्लपासून गेम मशीनचं, म्हणजे निन्टेन्डो डीएसचं घड्याळ वाचू लागले. फोनवरचा पोकेमॉन गो कंपनीच्या सर्व्हरची वेळ धरतो. आणि २०२२ च्या स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये दिवस आणि रात्र मिळून ७२ मिनिटांत संपतात. तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाशी त्याचा काही संबंध नाही, त्यामुळे तिथल्या रात्रीच्या प्राण्यासाठी जागरण करायची गरजच नाही. थोडा वेळ थांबा, अंधार पडतो.

गेमची रात्र आणि नागपूरची रात्र

गोल्ड-सिल्व्हरमध्ये पहाटे ४ ते सकाळी १० ही सकाळ, १० ते संध्याकाळी ६ दिवस, आणि ६ पासून पहाटे ४ पर्यंत रात्र. वर्षभर हेच. आपल्याकडे मे अखेरीस सूर्य पावणेसातच्या पुढे मावळतो, डिसेंबरात साडेपाचच्या सुमाराला. म्हणजे उन्हाळ्यात बाहेर ऊन तापत असताना गेममध्ये रात्र सुरू झालेली असते, आणि हिवाळ्यात फुटाळा तलावावर दिवे लागले तरी गेम अजून दिवसच समजतो. खिडकीतून बघून अंदाज बांधू नका, आकडा बघा. आणि एका गेमचा आकडा दुसऱ्याला लावू नका. डायमंड-पर्लमध्ये रात्र ८ वाजता लागते. रूबी-सफायरमध्ये तर दुपारी १२ ते मध्यरात्र हा दिवस आणि मध्यरात्र ते दुपारी १२ ही रात्र, असा हिशेब ईवी या प्राण्याच्या उत्क्रांतीसाठी, म्हणजे दुसऱ्या रूपात बदलण्यासाठी, धरलेला आहे. दिवसा त्याचा एस्पिऑन होतो, रात्री अंब्रिऑन. सकाळी दहाच्या उन्हात ईवीचा अंब्रिऑन झाला तर दचकू नका. फायररेड-लीफग्रीनमध्ये घड्याळच नाही, म्हणून तिथे एस्पिऑन किंवा अंब्रिऑन कितीही जीव लावला तरी होत नाही. तिथे कोणी प्रयत्न करत असेल तर त्याला आजच सांगा.

सन आणि मून या पोकेमॉन गेमचीही एक गंमत ध्यानात ठेवा. सन मशीनच्या वेळेने चालतो, मून बारा तास उलटा. दोघा भावांनी एकेक घेतला असेल तर दोघांपैकी एकाचा गेम बिघडलाय असं घरच्यांना वाटणारच.

वार कधी बदलतो

ही चूक खास आपली आहे. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो आणि बोलण्यातही तसाच राहतो. "शुक्रवारी रात्री एक वाजता" असं आपण सहज म्हणतो. गेमसाठी तो शनिवार आहे. गोल्ड-सिल्व्हरच्या युनियन केव्ह या गुहेत सगळ्यात खालच्या मजल्यावर लॅप्रस हा पाण्यातला प्राणी फक्त शुक्रवारी येतो. जेवणं आटोपून, सगळे झोपल्यावर शांतपणे जाऊ म्हणून जे बसतात, ते साडेबाराला पोचतात आणि पाण्यात काहीच नसतं. पुढे आठ दिवस थांबा. डायमंड-पर्लमधला व्हॅली विंडवर्क्सचा ड्रिफ्लून हाही शुक्रवारचाच पाहुणा आहे. तिथेही रात्रीवर टाकू नका. उलट ॲनिमल क्रॉसिंग या बेटावर राहायच्या गेममध्ये दिवस पहाटे ५ ला बदलतो. आपल्या मोजणीच्या जवळ जाणारा हा एकच गेम मला माहीत आहे.

घड्याळ पुढे ढकलणं

शुक्रवार हवा म्हणून मशीनची तारीख बदलायची, हे सगळ्यांना सुचतं. डीएसच्या काळातल्या पोकेमॉन गेमना घड्याळ हलवल्याचं कळतं आणि दिवसावर चालणाऱ्या गोष्टी ते काही काळ रोखून धरतात. एक दिवस वाचवायला जाता आणि आणखी एक घालवता. ॲनिमल क्रॉसिंगमध्ये घड्याळ मागे नेलंत की विकण्यासाठी साठवलेले सलगम सडतात. पुढे नेलंत आणि रविवार ओलांडलात तरी सडतात. माझं स्पष्ट मत: या गेमची मजाच वाट बघण्यात आहे. पण तरीही बदलायचंच असेल तर आधी सलगम विका.

परदेशातून नातेवाइकांनी आणलेलं मशीन असेल तर टाइम झोन तपासा. इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळते हे खरं, पण ती निवडलेल्या टाइम झोनप्रमाणे जुळते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा झोन तसाच राहिला तर हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक पडतो, उन्हाळ्यात साडेनऊचा. नागपुरात संध्याकाळचे सात, गेममध्ये सकाळ. बरेच जण तास हाताने जुळवतात आणि झोन तसाच ठेवतात. मग कधीतरी इंटरनेटवरून वेळ पुन्हा जुळली की सगळं परत बिघडतं. झोन भारताचा ठेवा, बाकी काही करावं लागत नाही.

सुट्टीतला टॅरेंटुला

ॲनिमल क्रॉसिंग न्यू होरायझन्स २०२० च्या मार्चमध्ये आला. त्यात नुसता तास बघून भागत नाही, महिनाही बघावा लागतो, आणि बेट पृथ्वीच्या कुठल्या अर्ध्या भागात आहे तेही. उत्तर गोलार्धात टॅरेंटुला हा मोठा कोळी नोव्हेंबर ते एप्रिल, संध्याकाळी ७ ते पहाटे ४. मे ते ऑक्टोबर त्याच वेळात विंचू. आता आपल्या विदर्भातल्या पोरांचा उन्हाळा बघा. परीक्षा संपून मोकळं व्हायला एप्रिल सरत येतो, आणि शाळा जूनच्या शेवटी उघडतात. म्हणजे ज्या दिवसांत पोरांना रात्री जागायची परवानगी मिळते, नेमका तेव्हा टॅरेंटुला निघून गेलेला असतो. माझ्या भाच्याची चुलत बहीण अख्खा मे महिना जाळं घेऊन अंधारात फिरली आणि तिला विंचूच भेटत राहिले. ते विंचू सोडून देत होती बिचारी, "चुकीचा" म्हणून. गेममधल्या संग्रहालयाला दोन्ही लागतात. मेमध्ये विंचू धरा, टॅरेंटुलासाठी दिवाळीच्या सुट्टीनंतरचा काळ राखून ठेवा.

आणि तिथल्या ऋतूंमध्ये मृग नक्षत्र शोधू नका. बर्फ पडतो, पानं पिवळी होतात, आपला पावसाळा नाही. गोलार्ध सुरुवातीला एकदाच निवडता येतो, नंतर बदलत नाही. वेगळं काहीतरी म्हणून दक्षिण निवडलीत, तर मित्राच्या बेटावरचे महिने तुम्हाला सहा महिने उलटे धरावे लागतील.

पोकेमॉन गो

भारतात हा १४ डिसेंबर २०१६ ला अधिकृतपणे आला. इथे फोनचं घड्याळ पुढे-मागे करून प्राणी बदलत नाहीत. मंगळवारचा स्पॉटलाइट अवर (एकच प्राणी भरपूर निघतो) आणि बुधवारचा रेड अवर (बलाढ्य प्राण्यावर सगळे मिळून चाल करतात), दोन्ही संध्याकाळी ६ ते ७, तुम्ही असाल तिथल्या वेळेने. कम्युनिटी डे, म्हणजे एखाद्या प्राण्याचा खास दिवस, बहुतेकदा दुपारी असतो, आणि नागपूरच्या मेमध्ये दुपारी दोनला अंबाझरीच्या बागेत फिरणं हे काही कोणत्याही प्राण्यासाठी करायचं काम नाही. सावलीतली बसायची जागा शोधा, पाण्याची बाटली आणि कांदा जवळ ठेवा. ईवीला सोबती करून १० किलोमीटर चाललात की उत्क्रांतीच्या बटणावर सावलीची आकृती बघा. तिथे प्रश्नचिन्ह असेल तर दाबू नका. अंब्रिऑन हवा असेल तर रात्री, ईवी अजून सोबती असतानाच.

सेल संपला की

आता ज्याने मला खरंच रडवलं ते. गोल्ड-सिल्व्हर-क्रिस्टलच्या कॅसेटमध्ये सीआर२०२५ सेल असतो. तोच घड्याळ चालवतो आणि तोच सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, जपतो. घड्याळ रात्रंदिवस वीज खातं, म्हणून हे सेल त्याआधीच्या पोकेमॉन कॅसेटपेक्षा लवकर मरतात. माझी शाळेतली सिल्व्हर मी सीताबर्डीतल्या एका दुकानात सेल बदलायला दिली. त्यांनी जुना काढला, नवा बसवला, स्वच्छ काम केलं. घरी येऊन सुरू केली तर नवा खेळ. जुना सेल निघाल्या क्षणी सेव्ह गेला होता, आणि तो जाणार हे मी विचारलंच नव्हतं. तुमच्या कॅसेटमध्ये अजून जीव असेल तर सेव्ह कॉपी करून घेण्याचं साधन आधी मिळवा, मग सेल काढा. नवा सेल पत्र्याच्या पट्ट्या लावलेलाच घ्या. उघड्या सेलवर थेट सोल्डर धरू नका, उष्णतेने तो फुटू शकतो.

रूबी-सफायर-एमराल्डचं तसं नाही. त्यांत सीआर१६१६ असतो आणि सेव्ह वेगळ्या चिपवर राहतो. सेल संपला की सुरुवातीला तसा संदेश येतो, खेळ चालू राहतो, पण घड्याळ थांबतं. मग शोल केव्ह या गुहेतली भरती-ओहोटी बदलत नाही. तिथला स्नोरंट हा प्राणी ओहोटीच्या वेळीच मिळतो, म्हणजे पहाटे ३ ते सकाळी ९ आणि दुपारी ३ ते रात्री ९. घड्याळ भरतीच्या वेळी थांबलं असेल तर गुहेत कितीही फिरा.

भाच्याच्या कॅसेटचा सेल नवा होता, फक्त वेळ चुकली होती. इंग्रजी गोल्ड-सिल्व्हरमध्ये पहिल्या पडद्यावर खाली, सिलेक्ट आणि बी एकत्र धरले की घड्याळ पुन्हा लावता येतं. गेम एक पासवर्ड मागतो, जो खेळाडूचं नाव, आयडी नंबर आणि जवळचे पैसे यांवरून निघतो. आम्ही तिन्ही गोष्टी वहीत उतरवल्या, पासवर्ड काढला, आणि या वेळी त्याने शेजारची अक्षरं मोठ्याने वाचून मगच बटण दाबलं. स्क्रीन निळसर काळी झाली. चौथ्या झुडपात हूटहूट निघाला, आणि त्याने आईला उठवून दाखवला.